घाटंजीच्या तुरीची तूट

बाबा,

तुरीचा हंगाम संपला. मिलचं आवार मोकळं झालंय, ताडपत्र्या घडी करून भिंतीशी लावल्या आहेत आणि आज दुपारी मला काही काम नाही. या हंगामात एक गोष्ट घडली. ती आईला सांगितली. तिने शेंगा निवडता निवडता पूर्ण ऐकली आणि म्हणाली, "तुझ्या बाबांना आवडली असती." म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही गेलात त्याला आता एकोणीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण लिहायला घेतलं की नुसतीच आठवण यायची आणि तुम्हाला नुसत्या आठवणींचा कंटाळा होता. कोणी गावाकडची गोष्ट सांगायला लागलं की तुम्ही विचारायचात, "किती? कधी? कोणी मोजलं?" या वेळी मोजलेलं आहे.

तुम्ही होतात तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. माझं काम नेमकं काय, हे तुम्ही एकदा फोनवर खोदून खोदून विचारलं होतं. मी सांगितलं, कंपनीचं एकच पत्र दोन तऱ्हांनी लिहायचं, अर्ध्या ग्राहकांना एक पाठवायचं, अर्ध्यांना दुसरं, आणि कुठल्याला जास्त उत्तरं येतात ते पाहायचं. तुम्ही म्हणालात, "कोणाला कुठलं पत्र जाणार, हे कोण ठरवतं?" मी म्हटलं, "कोणीच नाही. यादृच्छिक आकडे ठरवतात." मग तुम्ही आईला हाक मारलीत, "ऐकलंस का, ही पण पीक कापणीच करते!" मला तेव्हा राग आला होता. आपण वातानुकूलित ऑफिसात बसतो, आणि बाबांना अजून आकड्यांवरून निवडलेला शेताचा तुकडा कापून, तोलून गावाचं पीक ठरवणारी यवतमाळच्या कचेरीतली दोरी आणि खुंट्याच दिसतात. आता लिहिताना हसू येतंय. तुमचं बरोबर होतं.

सात वर्षांपूर्वी आईला एकटीला जमेना, म्हणून मी यवतमाळला परत आले. इथे एका डाळ मिलने मला ठेवलं. मालक माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, पण सगळे त्याला शेटजीच म्हणतात. वडिलांच्या हातून मिल आली तेव्हा त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर आणल्या आणि मग त्या नोंदींचं करायचं काय, हे कळेना म्हणून मला बोलावलं. पहिल्या वर्षी लोक मला पाहून कुजबुजायचे की या मॅडम नुसत्या खुर्चीत बसून रेघा ओढतात. खरंच होतं ते. कोणत्या महिन्यात तूर किती भरून ठेवावी, भिजवणीचा वेळ वाढवला तर डाळ कमी तुटते का, पॉलिशला तेल किती लागतं, असल्या प्रश्नांवर मी रेघा ओढत होते. कुठल्या कारणाचा भार किती, हे आकड्यांतून काढायच्या ज्या रीतीला तुमच्या जुन्या सरकारी पुस्तिकेत 'समाश्रयण' म्हणायचे, त्याला इथे सगळे रिग्रेशन म्हणतात. शेटजी तर 'रिग्रेशन मारा' असं म्हणतो, जसं कोणी फवारा मारा म्हणावं.

आमची तूर तालुक्यातालुक्यातल्या खरेदी केंद्रांवरून येते. केंद्र म्हणजे काय, एक टिनाचं शेड, एक काटा, ओलावा मोजायचं एक छोटं मशीन आणि काट्यावर बसणारा माणूस. तो मशीनमध्ये मूठभर तूर टाकतो, आकडा बघतो. ओलावा बेताचा असेल तर माल घेतो, जास्त असेल तर परत पाठवतो किंवा वाळवून आणा म्हणतो. ओला माल चुकून आला तर मिलमध्ये येऊन वाळतो आणि वजनात घटतो. त्या घटीला तूट म्हणतात. थोडी तूट सगळीकडेच असते. पण दोन हंगाम घाटंजीच्या मालाची तूट सगळ्या केंद्रांपेक्षा जास्त येत होती.

घाटंजीच्या काट्यावर एक बाई बसते. पस्तिशीची असेल, जवळच्याच तांड्यावरची, घाटंजीतच बी.ए. झालेली. आमच्या सगळ्या केंद्रांत काट्यावर बसणारी ती एकटीच बाई. शेटजीने एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, घाटंजीचाच माल काहून मार खाते? तिच्या तांड्याचे लोकं माल आणतात तठी. आपल्या माणसाले कोन परत पाठवते? पास करत असन ओला बी. तुम्ही जरा रिग्रेशन मारून पाहा."

मी पाहिलं. दोन हंगामांच्या सगळ्या गाड्या घेतल्या. तुरीचं वाण, महिना, माल केंद्रावर किती दिवस पडून राहिला, गाडीला किती वेळ लागला, सगळं त्यात घातलं. एकेक कारण बाजूला काढत गेले तरी घाटंजीची तूट घाटंजीपाशीच राहिली. हिशेब स्वच्छ होता. मी दोन पानांचा अहवाल लिहिला, आणि बाबा, शेवटी एक वाक्य लिहिलं: 'सदर तूट ही घाटंजी येथील खरेदीदाराच्या माल निवडीशी निगडित असल्याचे दिसते.' खाली सही केली. ते वाक्य कुठून आलं ते मला माहीत आहे. आकड्यांतून नाही आलं. केबिनमधून आलं.

शेटजीने ठरवलं, महिनाअखेर तिला काढायचं. तिला तसं फोनवर कळवलंही. आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्हीच घाटंजीले जाऊन तिच्याकडची रजिस्टरं ताब्यात घेऊन या."

मी एस.टी.ने गेले. बाजाराचा दिवस होता, शेडसमोर बैलगाड्या आणि मोटारसायकली यांची गर्दी. ती काट्यावर होती. एका म्हाताऱ्याची तूर मशीनमध्ये टाकून तिने आकडा पाहिला आणि म्हणाली, "मामा, नाई चालत. दोन दिवस ऊन द्या, मंग आना." म्हातारा तिच्याशी गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलत होता, म्हणजे तिच्याच माणसांपैकी. खूप बोलला, शेवटी पोतं उचलून गेला. मी हे बाजूला उभी राहून पाहिलं. गर्दी ओसरल्यावर तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रजिस्टरं आणून माझ्यासमोर ठेवली. सगळी. तारखेवार, कव्हर घातलेली.

"ताई, एक विचारू का?" ती म्हणाली. "तुमच्या कॉम्प्युटरनं मले पकडलं का ह्या जागेले?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे, मी इथंच बसतो म्हणा ना, केंद्र उघडलं तवापासून, दोन वर्षं झाले. दुसरं कोनी कधी इथं बसलंच नाई. अन् मी दुसरीकडं कधी बसली नाई. मंग तूट माही हाय का शेडची हाय, हे त्याले कसं समजलं?"

बाबा, मी पुण्यात पंधरा वर्षं हेच काम केलं. नव्या पोरांना शिकवलं की दोन गोष्टी कायम जोडीने येत असतील तर कोणाचा भार किती हे कुठलंही रिग्रेशन सांगू शकत नाही. आणि एका टिनाच्या शेडमध्ये, तुरीच्या धुळीत, ते मला काट्यावरच्या बाईने सांगितलं. ती पुढे म्हणाली, "काम गेलं तं जाऊ द्या. पन आमचे लोकं पिढ्यान् पिढ्या बैलावर धान्य लादून हिंडले, ताई. दुसऱ्याचं धान्य. पसाभर कमी भरलं तं पुढच्या गावात कोनी उभं करत नव्हतं. आता तांड्यावर म्हणून राह्यले, हिनं शेटजीले बुडवलं. याडी दोन दिवसांपासून जेवली नाई." याडी म्हणजे तिची आई.

परतीच्या बसमध्ये रजिस्टरांचं गाठोडं मांडीवर होतं आणि मला आर्णीकडचं ते सोयाबीनचं शेत आठवत होतं. मी दहा वर्षांची असेन. तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून पीक कापणीला नेलंय. गावचा कोतवाल, शेतकरी, तुम्ही आणि मी असे चौघं शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभे आहोत. तुम्ही त्या यादृच्छिक आकड्यांच्या पुस्तिकेतून दोन आकडे काढता आणि मला म्हणता, "इकडून इतकी पावलं आत, मग डावीकडे वळून इतकी." मी मोठ्या ऐटीत मोजत निघते. आत शेताला पाणी लागून एक मोठा तुकडा पिवळा पडलाय, मधे तर नुसती माती. माझी पावलं थेट तिकडेच चाललीत. शेतकऱ्याचा चेहरा उतरलेला आहे. मला त्याची दया येते, तुमचीही येते, आणि मी चार पावलं आधीच थांबून ओरडते, "इथे!" हिरव्यागार सोयाबीनमध्ये.

तुम्ही कोपऱ्यापासून स्वतः मोजत येता, माझ्या जवळून पुढे जाता आणि पिवळ्या तुकड्यात उभे राहता. चिडलात की तुम्ही वऱ्हाडीत उतरायचात, एरवी घरात आम्हाला 'मले-तुले' म्हणू द्यायचा नाहीत. "काहून थांबली तिथं?" मी म्हणते, इथलं पीक चांगलं आहे म्हणून. तुम्ही खुंटी ठोकता ठोकता म्हणता, "मग दोरी कायले आणली? घरूनच लिहून दिलं असतं. तू शेताला विचारलंच नाहीस. तूच त्याला सांगितलंस." शेतकरी मधे पडतो, "जाऊ द्या साहेब, लहान लेकरू हाय." तुम्ही म्हणता, "लहान आहे म्हणूनच सांगतो."

मग तुम्ही त्या तुकड्यातली सोयाबीन तोलली, वाळवायला म्हणून त्यातली मोजून घेतलेली थोडी कापडी पिशवीत घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. अशा पिशव्या आपल्याकडे कायम असायच्या, कधी तुरीच्या, कधी ज्वारीच्या. एकदा वरणाला तूर कमी पडली तेव्हा आईने त्यातली मूठभर घ्यायला हात घातला आणि तुम्ही पानावरून उठलात. "अगं, ती तूर नाही, तो गाव आहे." आई म्हणाली, "मग आज गावाचंच वरण खा." शेवटी शेजारून वाटीभर डाळ आणली. मी आणि आई कितीतरी दिवस त्या वाक्यावर हसलो. सोयाबीनच्या प्रसंगानंतर मात्र आठवडाभर मी खिडकीकडे पाहत नव्हते. पुढच्या रविवारी तुम्ही बाजारातून मला आलेखाच्या कागदाची एक जाड वही आणून दिलीत, पन्नास पानी, बारीक हिरव्या रेघांची. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवून कामाला निघून गेलात.

बसमधून उतरले ती थेट मिलवर गेले. शेटजीला म्हटलं, "माझ्या अहवालातलं शेवटचं वाक्य चुकीचं आहे. ते मी मागे घेते."

"म्हंजे तूट नाई?"

"तूट आहे. कोणाची आहे, ते मला माहीत नाही. मी माहीत असल्यासारखं लिहिलं."

त्याने पेन खाली ठेवलं. "मॅडम, मी तिले सांगून बसलो ना."

मी म्हटलं, आठ आठवडे द्या. घाटंजीची बाई आणि आर्णीच्या काट्यावरचे काका, दोघांची अदलाबदल करायची. पण आपल्या मर्जीने नाही. आठ चिठ्ठ्या करायच्या, चारवर 'जागेवर', चारवर 'बदल'. एकेका आठवड्याला एकेक उचलायची. आणि अशाच वेगळ्या आठ चिठ्ठ्या ओलावा मोजायच्या मशीनसाठी. म्हणजे माणूस आणि मशीन कायम जोडीने राहणार नाहीत. मग तूट कोणाच्या मागे जाते ते पाहायचं. ती बाईमागे गेली तर बाई, मशीनमागे गेली तर मशीन, दोघांच्याही मागे न जाता घाटंजीतच राहिली तर शेड, हवा, रस्ता, जे काय असेल ते.

"मशीन तं कंपनीच्या माणसानं हंगामाच्या सुरवातीले तपासलं. स्टिकर हाय त्याच्यावर," शेटजी म्हणाला. "अन् हंगामात हे खेळ? आर्णीचा माल बी बिघडला तं?"

"बिघडला तर कळेल कशामुळे. आता तर तुम्ही तिला काढाल, दुसरा माणूस बसवाल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मला रिग्रेशन मारायला सांगाल."

तो हसला. हसला म्हणजे अर्धं काम झालं, हे मला सात वर्षांत कळलंय.

चिठ्ठ्या मिलच्या ऑफिसातच उचलल्या. आर्णीचे काका साठीचे आहेत, जन्मभर मापारी म्हणून राबलेले. ते कुरकुरले, "मले कायले ह्या भानगडीत? माहा काटा कधी चुकला नाई." घाटंजीची बाई म्हणाली, "काका, माहा बी नाई चुकला. म्हणूनच तं उचलून राह्यलो ना चिठ्ठ्या." ज्या आठवड्यांना 'बदल' आलं त्या आठवड्यांना ती सकाळची पहिली बस धरून आर्णीला जायची. एकदाही उशीर केला नाही. काका मात्र पहिल्याच आठवड्यात घाटंजीला जाऊन परत आले ते तिच्या रजिस्टरांचं कौतुक करत.

मी एक नियम घातला होता: आठ आठवडे संपेपर्यंत कोणी आकडे पाहायचे नाहीत. मिलमधला सुपरवायझर दर आठवड्याची तूट कागदावर लिहायचा, पाकिटात घालायचा आणि शेटजीच्या कपाटात ठेवायचा. शेटजी कासावीस व्हायचा. "एक तं पाहू द्या मॅडम, माहंच कपाट हाय." मी म्हणायचे, अर्धा तुकडा कापून कोणी तोलतं का? मी दर आठवड्याला दोन्ही केंद्रांवर जाऊन येत होते, चिठ्ठीप्रमाणे चाललंय ना हे बघायला. घाटंजीच्या बाईशी गप्पा व्हायच्या. तिने मला कधी विचारलं नाही की काय होईल. एकदाच म्हणाली, "ताई, निघालीच माही चूक, तं तुम्ही स्वतः सांगा. शेटजीच्या तोंडून नको."

नवव्या सोमवारी पाकिटं फोडली. मी, शेटजी, सुपरवायझर. शेटजीने स्वतः आकडे वाचले आणि मी आलेखावर ठिपके मांडले. चौथ्या पाकिटालाच शेटजीचा आवाज बदलला. घाटंजीचं मशीन ज्या चार आठवड्यांत घाटंजीत होतं, त्या चारही आठवड्यांत तूट घाटंजीत. ते मशीन ज्या चार आठवड्यांत आर्णीला गेलं, त्या चारही आठवड्यांत तूट आर्णीत. काट्यावर बाई असो की काका. माणसांच्या अदलाबदलीने काहीच हललं नव्हतं.

"हे असंच योगायोगानं बी होऊ शकते ना?" शेटजीने विचारलं. बाबा, हा प्रश्न त्याने स्वतःहून विचारला, मला फार बरं वाटलं. मी सांगितलं, होऊ शकतं. आठांतले चार आठवडे निवडण्याच्या सत्तर तऱ्हा आहेत. मशीनचा काही संबंध नसता, तर हे असं जुळायला चिठ्ठ्यांनी त्यांतली नेमकी हीच एक तऱ्हा उचलावी लागली असती. सत्तरात एक.

त्याने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "सत्तरात एक. याच्याहून कमी भरवशावर मी लग्न केलं, मॅडम."

मशीन दुरुस्तीला पाठवलं तेव्हा कारणही सापडलं. त्यात हवेचा गारवा लक्षात घेणारा एक भाग असतो, तो बिघडला होता. दुपारी मशीन बरोबर दाखवायचं. सकाळच्या गारठ्यात ओलावा कमी दाखवायचं. कंपनीचा माणूस दुपारी येऊन तपासून गेला होता. सकाळी लवकर येणारा माल थोडा ओला असूनही कोरडा ठरत होता, आणि ती बिचारी मशीनने सांगितलं ते मानत होती. मी तिच्या रजिस्टरांत वेळा पाहिल्या. तिने प्रत्येक पोत्यापुढे वेळ लिहिली होती. दोन वर्षं. माझ्या रिग्रेशनमध्ये सगळं होतं, घड्याळ नव्हतं, कारण वेळेचा रकाना कॉम्प्युटरवर कोणी चढवलाच नव्हता आणि मी रजिस्टर उघडून पाहिलं नव्हतं.

शेटजी स्वतः घाटंजीला गेला, मी सोबत होते. तो माफी मागणाऱ्यांतला नाही. शेडमध्ये बसला, दोनदा पाणी मागून प्यायला, मशीनला दोन शिव्या दिल्या आणि म्हणाला, "आता सगळ्या केंद्रांचे मशीन तू तपासत जाय. सकाळी बी अन् दुपारी बी. त्याचा भत्ता वेगळा." मग बाहेर जाऊन तांड्यावरच्या दोनचार लोकांशी मोठ्याने बोलत उभा राहिला, मशीनच खराब होतं म्हणून. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

आत आम्ही दोघीच उरलो. मला जे बोलायचं होतं ते मी बसमध्ये दहा वेळा घोकलं होतं. मी म्हटलं, "तुमच्यावर जो ठपका आला, ते वाक्य शेटजींचं नव्हतं. माझं होतं. मी लिहिलं होतं."

ती तुरीचे सांडलेले दाणे वेचत होती. वर न पाहता म्हणाली, "मले माहीत होतं. शेटजीनं फोनवर कागद वाचून दाखवला होता. खाली सही कोनाची, ते बी सांगितलं."

"मग तुम्ही मला काही बोलला काहून नाही?" माझ्या तोंडून 'काहून' निघून गेलं.

"तुम्ही दर आठवड्याले येऊन राह्यल्या होत्या ना, ताई. मी म्हटलं, येते तं हाय. पाहू." मग दाणे पोत्यात टाकले, हात झटकले. "ते सत्तर कसे आले, ते सांगा मले. शेटजी म्हणे सत्तरात एक. कोनी मोजले सत्तर?"

मग आम्ही काट्याच्या फळीवर बसलो. मी म्हटलं, सत्तर लिहीत बसलो तर बस जाईल, आपण चारच आठवडे धरू, त्यातले दोन निवडायचे. तिने खडूने जमिनीवर लिहायला घेतलं. पहिला-दुसरा, पहिला-तिसरा, पहिला-चौथा. थांबली, बोटं मोजली, पुढचे तीन लिहिले. "सहा," ती म्हणाली. "याच्याहून जास्त होतच नाई." मग पुन्हा एकदा तपासून पाहिलं, राहिलं तर नाही ना. पुढच्या सोमवारी गेले तेव्हा तिने सहा आठवड्यांतले तीन निवडून वीस तऱ्हा पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवल्या होत्या. एकही सुटलेली नव्हती, एकही दोनदा आली नव्हती. "आठाचे बी करतो," म्हणाली, "पन सवडीनं." तिला कॉलेजात गणित घ्यायचं होतं, घरून आर्ट्सला घातलं. आता मी तिला दर भेटीत थोडं थोडं शिकवते. ती जेवढे प्रश्न विचारते तेवढे मला पुण्यात कोणी विचारले नाहीत.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण पहाटे उठून अंगणात जातेच. तूर आता मिलमधून येते, वरणाला कमी पडत नाही. मीही बरी आहे, बाबा. तुम्ही विचारलंत तर मी म्हणेन, समाधानात आहे, आणि तुम्ही 'किती' म्हणून विचारणार नाही असं समजेन.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि आईला वाचून दाखवायचाही धीर नाही, शेवटामुळे. मी त्या बाईला खरं सांगितलं, शेटजीला सांगितलं, पण एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. पाकिटं फोडत होतो तेव्हा मला काय हवंय ते आधीच ठरलेलं होतं. घाटंजीच्या शेडमध्ये पाणी प्यायले तेव्हाच ठरलं होतं. तूट तिच्या मागे गेली असती, तर मी शेटजीला म्हणाले असते की आठ आठवडे कमी पडले, आणखी आठ द्या. कारणही तयार ठेवलं होतं, आणि ते ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध वाटलं असतं.